अडीचशे पौंडांतला डिटेक्टर आणि बायकोची जोडवी

दोन-अडीचशे पौंडात चांगला मेटल डिटेक्टर कुठला, हे इथल्या मराठी मंडळातल्या इतक्या जणांनी विचारलंय की आता एकदाच बसून सगळं लिहून टाकतो, प्रत्येकाला परत परत तेच टाइप करायचा कंटाळा आलाय. आधीच सांगतो, मी काही एक्स्पर्ट वगैरे नाही, इंग्लंडात मिल्टन कीन्सला राहतो, आठवडाभर लॅपटॉप आणि शनिवारी सकाळी शेतात. आईला हे फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "गुप्तधन शोधतोस होय रे? तू तर पायाळू पण नाहीस." तिच्या लहानपणी गावात म्हणे पायाळू माणसाच्या डोळ्यात अंजन घालून हंडा कुठे पुरलाय ते विचारायचे. म्हटलं आई, इथे अंजन बॅटरीवर चालतं.

आता गंमत अशी की आमच्या भागात हंडे खरोखर सापडलेत. 2000 साली मिल्टन कीन्सच्याच मंकस्टन भागात दोघा डिटेक्टरवाल्यांना कांस्ययुगातले सोन्याचे दागिने मिळाले, गळ्यात घालायचे दोन जाड टॉर्क (हसळीसारखी कडी), हातातली तीन कडी, सगळं मिळून दोन किलोच्या वर सोनं, आणि ते चक्क एका मडक्यात ठेवलेलं! म्हणजे आईचा हंडाच की. पुढे 2014 च्या डिसेंबरात इथूनच जवळ, बकिंगहॅमशायरमधल्या लेनबरोला, पाच हजारांहून जास्त अँग्लो-सॅक्सन चांदीची नाणी निघाली, शिशाच्या पत्र्यात गुंडाळलेली. हे वाचलं की माणूस पागल होतो आणि ऑनलाइन जाऊन "सर्वात खोल जाणारा डिटेक्टर" शोधायला लागतो, आणि फसतो तो तिथेच. कारण नांगरलेल्या शेतात जे मिळतं ते बहुतेक वरच्या वीत-दीड वीत मातीतच असतं, नांगर दरवर्षी ते वरखाली करत असतो. खोक्यावर किती इंच लिहिलंय त्याने फारसं काही होत नाही. कचऱ्यातून चांगली वस्तू वेगळी काढता येते का, हे बघायचं. माझं सगळं टेस्टिंग याच एका गोष्टीवर आहे.

मशीन काय करतं ते दोन वाक्यात. खालच्या चकतीत म्हणजे कॉइलमध्ये सारखं बदलणारं चुंबकीय क्षेत्र तयार होतं, जमिनीतल्या धातूत त्यामुळे छोटे भोवरे-प्रवाह फिरायला लागतात, आणि त्या प्रवाहांचं उलटं क्षेत्र दुसरी कॉइल पकडते. ते किती उशिरा आलं यावरून मशीन अंदाज बांधतं की हे लोखंड, हे फॉइल, हे चांदी, आणि स्क्रीनवर एक आकडा दाखवतं. अंदाज हं, शब्द लक्षात ठेवा.

माझ्याकडे तीन मशीनं जमली: गॅरेट एस 300 माझं स्वतःचं, माइनलॅब व्हँक्विश 440 ऑफिसातल्या मित्राचं, आणि नोकटा सिम्प्लेक्स प्लस सेकंड हँड घेतलेलं. एक अमेरिकन, एक ऑस्ट्रेलियन, एक तुर्की. चौथं म्हणजे चाळीस पौंडाचं एक बिननावाचं पिवळं मशीन, पोरासाठी घेतलेलं, ज्याची सुई गवताच्या काडीला पण दाद देते. त्याच्याबद्दल एवढंच की सहा वर्षांच्या पोराला बागेत पुरलेले चमचे शोधायला मस्त आहे, बाकी घेऊ नका.

पहिली टेस्ट घरीच, लाकडी टेबलावर (खिळे नसलेलं बघून घ्या). इथल्या एक पेनीची दोन नाणी घेतली, एक 1985 चं आणि एक 2005 चं. दिसायला सारखीच, पण 1992 पासून पेनी तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादाचं झालंय, त्याआधी ब्रॉन्झचं होतं. जुन्यावर तिन्ही मशीनं स्वच्छ, गोल आवाजात बोलतात. नव्यावर मात्र गोंधळ, मध्येच लोखंडाची गुरगुर, मध्येच आकडा टणाटण उड्या मारतो. आपला स्टीलचा रुपया लावला तर तोच प्रकार, तो पण चुंबकाला चिकटतोच ना. मग आजीच्या डब्यातला भोकाचा पैसा काढला, 1943 च्या सुमाराचा, ब्रॉन्झचा. एवढासा जीव आणि मधे भोक, मला वाटलं कसला आवाज देणार, पण तिन्हींवर खणखणीत! कारण भोक असलं तरी कडं अखंड आहे, प्रवाह गोल फिरू शकतो. शिवराई लावून बघायची फार हौस होती, पण शंभर वर्षांच्या वरच्या वस्तू भारताबाहेर न्यायला बंदी आहे, त्यामुळे ती गावी देवघरातच आहे आणि तिथेच राहील.

आता जोडवी. बायको म्हणाली काय ते लवकर कर आणि परत दे. चांदीची जाडजूड जोडवी, मला वाटलं आता कानठळ्या बसतील, तर कसलं काय, बारीकसा मरतुकडा आवाज आणि आकडा फॉइलच्या आसपास. जोडव्याला खाली फट असते, बोटाच्या मापाने दाबायला, आणि त्या फटीमुळे प्रवाहाचं कडं पूर्णच होत नाही. मग फट दाबून दोन्ही टोकं नीट चिकटवली आणि परत कॉइलसमोरून फिरवली, तर तीच जोडवी चांदीसारखी बोलायला लागली, आकडा थेट वर. नंतर मंगळसूत्र. दोन वाट्यांवर बीप येतो, बारीक चेनवर जवळपास काहीच नाही, कारण मशीनला चेन दिसत नाही, सुटी सुटी कडी दिसते, आणि एक कडी म्हणजे तांदळाच्या दाण्याहून लहान. काळ्या मण्यांचा तर प्रश्नच नाही. त्यामुळे "समुद्रावर चेन हरवली, डिटेक्टरने शोधून दे" असे फोन येतात तेव्हा मी आधी विचारतो पेंडंट होतं का. यात महागडं मशीन घेऊनही फार फरक पडत नाही, हे मी पैजेवर सांगतो.

ही टेबलावरची टेस्ट करून बघाच, कारण यात कळतं की आकड्यावर किती विश्वास ठेवायचा. गॅरेट आणि सिम्प्लेक्सचे आकडे 0 ते 99, व्हँक्विशचे उणे 9 ते 40, त्यामुळे एकाचा आकडा दुसऱ्याला लावू नका. आणि कुठलंही मशीन असो, पातळ सोन्याची अंगठी आणि कोल्ड्रिंकच्या कॅनची चावी एकाच पट्ट्यात येतात. चाव्या नको म्हणून तो पट्टा बंद केला की अंगठी पण गेली. पार्कात काम करायचं तर चाव्या खणायची तयारी ठेवा, दुसरा उपाय नाही.

दुसरी टेस्ट खिळ्याची, आणि माझ्या मते हीच खरी. बागेत वीतभर खाली जुना पेनी पुरला, शेजारी चार बोटांवर एक गंजलेला मोठा खिळा. गॅरेटची कॉइल कॉन्सेंट्रिक प्रकारची, तिचं क्षेत्र खाली आइस्क्रीमच्या कोनासारखं निमुळतं होत जातं, त्यामुळे वस्तू नेमकी कुठे आहे ते पटकन कळतं, पण खिळा आणि नाणं एकाच कोनात आलं की खिळा जिंकतो. बाकी दोघांची कॉइल डबल डी, तिचं क्षेत्र पुढून मागे अशी अरुंद पट्टी असते, म्हणून नाणं आणि खिळा वेगळे पकडायला ती बरी. तरी जादू नाही. एका बाजूने गेलात तर नुसती गुरगुर, नव्वद अंशात वळून परत कॉइल फिरवली तर मधूनच नाण्याची बारीक चीची. ही चीची ऐकायला कान तयार व्हायला वेळ लागतो. इथे व्हँक्विश माझ्या डोळ्यात भरलं, ते एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरतं आणि तुम्हाला काही सेटिंग करायला लावत नाही, चालू करा आणि चाला. सिम्प्लेक्स 12 किलोहर्ट्झ या एकाच फ्रिक्वेन्सीवर चालतं, पण त्यात लोखंडाचा आवाज वेगळा कमी-जास्त करता येतो, आणि ते फार उपयोगी आहे. मी लोखंड पूर्ण म्यूट करत नाही, बारीक ठेवतो. जुन्या वस्तीची पहिली खूण म्हणजे लोखंडाचा कचराच असतो, तो ऐकूच आला नाही तर कळणार कसं की इथे घरं होती?

शेतात गेल्यावर मातीचा प्रश्न येतो. आमच्याकडे चिकणमाती, पाऊस पडून गेल्यावर सिग्नल चांगले येतात, उन्हाळ्यात भेगा पडलेल्या सुक्या जमिनीत सगळीच मशीनं अर्धी बहिरी. सिम्प्लेक्सला जमिनीशी जुळवून घ्यावं लागतं, बटण दाबून कॉइल खाली-वर पंप करायची, दहा सेकंदांचं काम. गॅरेटला ते फॅक्टरीतच ठरवून दिलंय, त्यामुळे शिकायला सोपं, पण खनिजांनी भरलेल्या मातीत तुमच्या हातात काही राहत नाही. तिन्हींचं वजन सव्वा किलोच्या आसपास, कागदावर काहीच नाही, पण चार तास हलवून बघा आणि मग दुसऱ्या दिवशी पोळी लाटून दाखवा.

आणि मिळतं काय? बटणं. काडतुसाची पितळी बुडं. शिशाचे गोळे. ट्रॅक्टरचा नट. मग परत बटणं. हल्ली तर वैताग म्हणजे काही शेतांत कंपोस्ट म्हणून जे टाकतात त्यात अ‍ॅल्युमिनियमच्या कॅनचा चुरा असतो, पावलापावलावर बीप, सोन्यासारखं शेत कायमचं गेलं समजा. पण एकदा मला मातीच्या ढेकळात नखाएवढा, कागदासारखा पातळ चांदीचा चकता दिसला, वर एक लांब हातांचा क्रॉस, म्हणजे 1247 नंतरचा लाँग क्रॉस पेनी, आणि तो पण बरोबर मधून अर्धा कापलेला, कारण तेव्हा सुट्टे नसले की नाणंच कापून अर्धा पेनी करायचे. गोंधळलेला सिग्नल होता, आकडा चावीसारखा, डिस्क्रिमिनेशन (नको त्या धातूंचे आवाज गाळायची सोय) जास्त ठेवलं असतं तर वरून चालत गेलो असतो. कडेवरची कात्रीची खूण अजून दिसते त्यावर.

समुद्रावर मात्र हिशोब उलटतो. ओली खारी वाळू स्वतःच वीज वाहून नेते, एका फ्रिक्वेन्सीचं मशीन तिथे बडबडायला लागतं, सेन्सिटिव्हिटी खाली आणावी लागते. व्हँक्विश तिथे शांत चालतं. पण पाण्यात पूर्ण बुडवता येतं फक्त सिम्प्लेक्स, तीन मीटरपर्यंत. बाकी दोघांची नुसती कॉइल बुडवायची, डबा भिजला की खेळ खलास.

थोडं कायद्याचं, कारण लोक हे वाचायचं टाळतात. इंग्लंडमध्ये जमीन मालकाच्या परवानगीशिवाय एक खड्डा सुद्धा नाही, आणि सापडल्यास वाटणी कशी ते आधी लेखी करा, शेतकरी कितीही गोड असो. संरक्षित स्थळी तर सरकारी परवानगीशिवाय डिटेक्टर चालवणं हाच गुन्हा. आमच्या फेनी स्ट्रॅटफर्डजवळ मॅजिओव्हिनियम नावाचं रोमन गाव जमिनीखाली आहे, रोज गाडीतून बाजूने जातो आणि नुसतं बघतो. 1996 च्या ट्रेझर अ‍ॅक्टप्रमाणे 300 वर्षांहून जुनी, निदान 10 टक्के सोनं किंवा चांदी असलेली वस्तू, किंवा अशा धातूची दोन किंवा जास्त नाणी एकत्र सापडली तर 14 दिवसांत कळवायचं. 2023 पासून 200 वर्षांच्या वरच्या विशेष महत्त्वाच्या धातूच्या वस्तूही त्यात आल्यात. माझा अर्धा पेनी एकटाच होता म्हणून ट्रेझर नाही, तरी पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम, म्हणजे लोकांना सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद ठेवणारी योजना, तिच्या फाइंड्स ऑफिसरकडे नोंदवला. स्कॉटलंडला जाणार असाल तर तिथले नियम वेगळे आणि कडक आहेत.

आणि हो, "सुट्टीत घेऊन ये, गडावर जाऊ" म्हणणाऱ्या भाच्यासाठी: नाही रे बाबा. 1878 चा ट्रेझर ट्रोव्ह अ‍ॅक्ट अजून लागू आहे, जमिनीत दडलेलं दहा रुपयांच्या वरचं काहीही सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं, आणि संरक्षित गडावर खणलंस तर मामा सोडवायला येणार नाही.

मग घ्यायचं कुठलं? शेतात जायचंय आणि डोकं लावायचं नाही, तर व्हँक्विश 440. पाणी, नदी, पाऊस, वायरलेस हेडफोन आणि सेटिंगशी खेळायची हौस असेल तर सिम्प्लेक्स, माझ्या हातात हल्ली तेच असतं. गॅरेट एस 300 पोरांना शिकवायला आणि पार्कासाठी बेस्ट, नेमकी जागा दाखवण्यात अजूनही तेच पुढे. पण तिन्हींत पैसे पूर्ण संपवू नका. साठ-सत्तर पौंड बाजूला ठेवून हातातला पिनपॉइंटर (खड्ड्यात वस्तू नेमकी कुठे ते दाखवणारी छोटी कांडी) घ्या, नाहीतर खड्ड्यात बोटं घालून ढेकूळ चिवडत अर्धी सकाळ जाते, आणि एक बळकट फावडं घ्या, बागकामाचं नाजूक खुरपं या मातीत वाकतं.

सेकंड हँड घेणार असाल तर विकणाऱ्याच्या दारातच मशीन चालू करा, कॉइलची केबल जोडाजवळ हलवून बघा, हलवल्यावर खोटे बीप आले तर आत वायर तुटत आलीय. बॅटरीचा कप्पा उघडून हिरवट बुरशी आहे का बघा. आणि हेडफोनची पिन घालून दोन्ही कानात आवाज येतो का तपासा, पाणी गेलेलं असतं ते बहुतेक तिथूनच.