सोळा नंबरची चिठ्ठी

चिठ्ठी हातात आली तेव्हा संध्याकाळचे साडेसात वाजले होते. फोलीज कॅथेटर १६ नंबर, युरोबॅग, लिग्नोकेन जेली, १० सीसीची सिरिंज, डिस्टिल्ड वॉटर. तुंबलेली लघवी काढायला नळी घालायची तर हाच माल लागतो. समोरच्या दवाखान्यातून अशी चिठ्ठी महिन्याकाठी चार-दोनदा येतेच. माल काढता काढता सवयीने विचारलं, "कुणाला घालायचाय?"

"आमच्या तात्यांना."

वर बघितलं तर तात्यांचा थोरला. सकाळपासून लघवीच झालेली नाही, ओटीपोट टम्म फुगलंय, हात लावू देत नाहीत म्हणाला. माझ्या हातातली जेलीची ट्यूब हातातच राहिली. परवाच सकाळी तात्या या काउंटरवर कोपर टेकून उभे होते.

पाटणला माझं मेडिकल आहे, एकवीस वर्षं झाली. तात्या एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर, वय ७४. सात-आठ महिन्यांपूर्वी त्यांना लघवीचं इन्फेक्शन झालं होतं. अँटिबायोटिकचा कोर्स झाला, बरे झाले, पण अमेरिकेतल्या लेकीच्या जिवाला घोर लागला. तिने कुणाबरोबर तरी क्रॅनबेरीच्या कॅप्सूलची बाटली पाठवली. ती संपल्यावर रिकामी बाटली घेऊन तात्या माझ्याकडे आले. लेबलवर पाण्याने भरलेलं शेत आणि त्यावर तरंगणारी लालबुंद फळं. "हे भातासारखं पाण्यात पिकतं काय रं?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं, पाण्यात पिकत नाही, काढणीच्या वेळी पाणी सोडतात; फळाच्या आत हवेचे कप्पे असतात म्हणून ते वर येतं. तात्या म्हणाले, "म्हंजे आपलं करवंदच की." ते काही खरं नाही. करवंदाची फांदी मोडली की पांढरा चीक येतो, त्याचं कूळच वेगळं. तात्यांना मात्र ते पटलं नाही.

मी त्यांना आपल्याकडची पट्टी काढून दिली. दहा कॅप्सूल, साडेतीनशेच्या घरात. देण्याआधी विचारलंही, "तात्या, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का?" क्रॅनबेरीने वॉरफॅरिनचा असर वाढू शकतो असा इशारा ब्रिटनमध्ये २००३ मध्येच दिला गेला होता, तो माझ्या लक्षात होता. तात्या नाही म्हणाले. आपण एक महत्त्वाचा प्रश्न विचारला म्हणून मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली आणि पट्टी पाकिटात घातली. मग दर दहा दिवसांनी तात्या, दर दहा दिवसांनी पट्टी.

गप्पा व्हायच्या. रात्री चार-पाच वेळा उठावं लागतं. स्टँडवरच्या मुतारीत उभं राहिलं की मागून आलेल्या दोघांचं उरकतं, तरी माझं चालूच. हे सगळं ते हसत सांगायचे आणि मीही हसायचो. एकदा म्हणाले, पायजमा ओला होतो रे, थंडीचं असंल. मी म्हटलं, असेल.

परवा नाक गळत होतं म्हणून त्यांनी क्रॅनबेरीबरोबर सर्दीची गोळी मागितली. सगळ्यांना देतो तीच दिली: पॅरासिटामॉल, फिनाइलएफ्रिन आणि क्लोरफेनिरामाइन. दिवसातून तीन वेळा, जेवणानंतर.

दुकान पोराच्या हवाली करून मीच माल घेऊन पलीकडे गेलो. तात्या कॉटवर गुडघे पोटाशी घेऊन पडले होते, कपाळावर घाम, ऐन जानेवारीत. माझ्याकडे बघून त्यांनी फक्त मान हलवली. बेंबीच्या खाली नारळ ठेवावा तसा उंचवटा दिसत होता. डॉक्टरांनी जेली सोडली, दोन-तीन मिनिटं थांबले आणि नळी सारली. आधी थेंब, मग नळीत एक पिवळी रेघ, मग धो धो. तात्यांच्या तोंडून जो सुस्कारा निघाला तो मी जन्मात विसरणार नाही. मी पिशवीवरचे आकडे बघत उभा होतो. ५०० झाले, ८०० झाले. माणसाला साधारण चारशे-पाचशेला जोराची लागते. पिशवी १२५० वर थांबली.

"कुठल्या कुठल्या गोळ्या चालू आहेत यांना?" डॉक्टरांनी थोरल्याला विचारलं. त्याला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. मी सांगितलं.

डॉक्टर माझ्या वडिलांच्या वयाचे, मला अरे-तुरे करतात. मला बाहेर व्हरांड्यात घेऊन गेले. "सर्दीच्या गोळीनं काय केलं, कळतंय ना? फिनाइलएफ्रिननं मूत्राशयाच्या तोंडाचे आणि त्याखालच्या प्रोस्टेट ग्रंथीचे स्नायू आवळले, क्लोरफेनिरामाइननं मूत्राशयाचा ढकलायचा जोर काढून घेतला. दार घट्ट, आणि ढकलणारा झोपलेला." मग जरा थांबून म्हणाले, "पण ही एका दिवसाची गोष्ट नव्हे. सव्वा लिटर एका दिवसात मावत नाही. तो पायजमा थंडीनं ओला होत नव्हता, भरून वाहणाऱ्या टाकीसारखं ते वरचं सांडत होतं. आणि तू पाच महिने क्रॅनबेरी देत होतास. धार कशी आहे, एवढं विचारलंस कधी?"

मी काहीच बोललो नाही. त्यांनीही ताणलं नाही.

दुसऱ्या दिवशी सोनोग्राफीत प्रोस्टेट वाढून ६८ ग्रॅम, दोन्ही किडन्यांना सूज. किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारं रक्तातलं क्रिएटिनिन वाढून ३.१. कराडला युरॉलॉजिस्टकडे पाठवलं.

मी मात्र रात्री दुकान बंद केल्यावर क्रॅनबेरीचं वाचत बसलो, जे पाच महिन्यांपूर्वी वाचायला हवं होतं. क्रॅनबेरीतले प्रोअँथोसायनिडिन नावाचे विशिष्ट घटक ई-कोलाय जंतूंना मूत्रमार्गाच्या अस्तराला चिकटू देत नाहीत, असा त्यामागचा विचार. थोतांड नाही ते. औषधांवरचे अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०२३ मध्ये ५० अभ्यास, जवळजवळ ९ हजार माणसं एकत्र करून पाहिली. वारंवार इन्फेक्शन होणाऱ्या बायकांमध्ये त्याचं प्रमाण साधारण पाव हिश्श्याने कमी झालं होतं, मुलांमध्ये निम्म्याहून कमी. पण वृद्धाश्रमांतल्या म्हाताऱ्यांना फायदा दिसला नाही, आणि ज्यांचं मूत्राशय नीट रिकामंच होत नाही त्यांनाही नाही. साहजिक आहे. लघवी साठून राहिली तर जंतूंना चिकटायची गरजच काय? त्यांना तळंच मिळालेलं असतं. २०१० मध्ये प्रोस्टेटच्या तक्रारी असलेल्या पुरुषांवर वाळवलेल्या क्रॅनबेरीच्या भुकटीचा एक प्रयोग झाला होता, निकाल बरा होता, पण माणसं अवघी ४२. तेवढ्यावर आपल्याकडच्या क्रॅनबेरीच्या पाकिटावर हसऱ्या आजोबांचं चित्र छापणं जरा जास्तच होतं. त्या चित्राला मीही भुललोच की.

कराडला कॅथेटर ठेवून टॅमसुलोसिन, म्हणजे ते आवळलेले स्नायू सैल करणारी गोळी, सुरू केली. पहिल्यांदा नळी काढली तेव्हा लघवी झाली नाही, पुन्हा घालावी लागली. शेवटी दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. क्रिएटिनिन हळूहळू १.५ वर आलं. त्याहून खाली जाईल असं वाटत नाही, असं डॉक्टर म्हणाले.

मार्च अखेरीस तात्या आले. बारीक झाले होते, पण कोपर काउंटरवर तसंच. सर्दीच्या गोळीचं मी त्यांना सगळं सांगितलं. कधीतरी सांगायचंच होतं. ते थोडा वेळ समोरच्या स्टँडकडे बघत राहिले. "मला तरी कुठं ठावं हुतं," म्हणाले. मग पिशवीतून बाटली काढून माझ्यापुढे ठेवली. नवी, सील न तोडलेली, पाण्यावर लाल फळं तरंगणारी. लेकीने पुन्हा पाठवली होती.

"ही विकून टाक."

"असलं विकता येत नाही, तात्या."

"मग राहू दे तुझ्यापाशी. आणि तिचा फोन आला तर घेतोय म्हणून सांग, उगं पोरीच्या जिवाला घोर नको."

बाटली अजून गल्ल्याखालच्या खणात आहे, शिक्के आणि बिलबुकाच्या मागे. फोन अजून आलेला नाही.