फेनिटॉइन, काळी भुकटी आणि चुंबक

दारव्हा तालुक्यातील आमच्या गावी माझे काका अनेक वर्षांपासून अपस्मारासाठी फेनिटॉइन घेतात. गेल्या पावसाळ्यात गोळीची मात्रा थोडी वाढवताच त्यांचा तोल जाऊ लागला आणि धुऱ्यावरून चालणेही अवघड झाले. या औषधाचा निचरा करणाऱ्या यकृतातील विकरांची (एन्झाइमांची) क्षमता संपत आली की मात्रेतील किरकोळ वाढीनेही रक्तातील पातळी एकदम चढते. ती साधारणपणे मिलिलिटरला 10 ते 20 मायक्रोग्रॅम असावी लागते. नमुना नागपूरला पाठवावा लागला आणि अहवाल चौथ्या दिवशी आला.

मी औषध-विश्लेषणाचेच काम करते, म्हणून तो उशीर मनाला फार लागला. मोजणारे यंत्र काही मिनिटांत उत्तर देते, पण त्याआधी रक्तद्रवातील प्रथिने, मेद आणि क्षार यांच्या गर्दीतून नेमके औषध वेगळे काढावे लागते आणि फेनिटॉइनचा सुमारे 90 टक्के भाग तर प्रथिनांनाच चिकटलेला असतो.

येथे मॅग्नेटाइटचे, म्हणजे चुंबकाकडे ओढल्या जाणाऱ्या काळ्या लोह ऑक्साइडचे, अतिसूक्ष्म नॅनोकण उपयोगी पडतात. लोहाचे फेरिक आणि फेरस क्षार 2:1 प्रमाणात घेऊन त्यांत अमोनिया घातला की काळा साका बसतो. सुमारे 10 नॅनोमीटरच्या कणांचे पृष्ठफळ ग्रॅममागे 100 चौरस मीटरहून अधिक भरते, म्हणजे चिमूटभर भुकटीलाही औषध धरायला भरपूर जागा असते. कणांवर सिलिकाचा थर आणि त्यावर 18 कार्बनच्या साखळ्या बसवल्या की पाण्याशी फारसे न जमणारे फेनिटॉइन त्यांना धरते. त्यासाठी आधी ॲसिटोनायट्राइल या द्रावकाने प्रथिने खाली बसवावी लागतात आणि वरचे द्रावण पाण्याने भरपूर पातळ करावे लागते. ही पायरी टाळली तर औषध कणांकडे वळतच नाही, आणि नवशिक्या विद्यार्थ्यांचे प्रयोग बहुधा येथेच फसतात. मग नळीबाहेर चुंबक धरला की कण भिंतीला गोळा होतात, द्रव ओतून टाकता येतो आणि थोड्या मेथॅनॉलने औषध सुटून येते. अपकेंद्री यंत्र (सेंट्रिफ्यूज) लागते ते केवळ सुरुवातीला, रक्तद्रव वेगळा करण्यासाठी आणि प्रथिने खाली बसवण्यासाठी.

अडचणीही आहेत. कण गुठळ्या धरतात, तीव्र आम्लात विरघळतात, आणि दोन वेळा तयार केलेली भुकटी अगदी सारखी वागेलच असे नाही. म्हणून प्रत्येक खेपेला औषधविरहित रक्तद्रवात ठरावीक फेनिटॉइन मिसळून त्यातले किती परत मिळते ते मी आधी तपासते. सध्या हे सारे 200 मायक्रोलिटर रक्तद्रवावर बसवण्याचा माझा प्रयत्न चालू आहे, कारण काकांच्या हाताची शीर सहजी सापडत नाही आणि दर वेळी दोन-तीनदा सुई टोचावी लागते.