स्पीकरचा सूर आणि बझरचा सूर

बिघडलेल्या गजराच्या घड्याळातला बझर, म्हणजे गजराचा सूर काढणारी पितळेची पातळ चकती, मी परवा एका लहान रेडिओला स्पीकरच्या जागी जोडून पाहिली. बातम्या ऐकू आल्या. पण निवेदकाच्या आवाजातली सगळी खर्जाची बाजू नाहीशी झाली होती आणि ‘स’, ‘श’ मात्र कानाला टोचत होते. चकती बिघडलेली मुळीच नव्हती, ती ज्या कामासाठी घडवलेली असते ते कामच वेगळे आहे.

नेहमीच्या स्पीकरमध्ये चुंबकाच्या गोल फटीत तांब्याच्या बारीक तारेची हलकी कॉइल अधांतरी असते. प्रवाह एका दिशेने गेला की ती पुढे सरकते, दिशा उलटली की मागे येते आणि तिला चिकटवलेला कागदी शंकू हवेला तसाच ढकलतो व ओढतो. दीड व्होल्टचा सेल स्पीकरच्या टोकांना टेकवला, की ‘टक्’ असा आवाज होऊन शंकू किंचित सरकतो आणि सेल काढेपर्यंत तिथेच निमूट थांबतो. ध्वनीला बदल लागतो, नुसता प्रवाह पुरत नाही, हे याहून सोप्या रीतीने दाखवता येईल असे मला वाटत नाही.

खरी अडचण अशी, की ताणलेल्या किंवा टांगलेल्या प्रत्येक वस्तूला स्वतःचा एक सूर असतो आणि त्या सुराला ती नको तितकी जोरात डोलते. चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या अमेरिकी अभियंत्यांनी 1925 मध्ये जो स्पीकर मांडला, त्याचे मर्म मला इथेच दिसते: शंकूची टांगणी इतकी सैल ठेवायची, की त्याचा स्वतःचा सूर कामाच्या सुरांच्या पट्ट्याच्या तळाशी जाऊन पडावा आणि वरचे सगळे सूर जवळपास सारख्या जोराने उमटावेत. शंकूच्या पुढची हवा दाबली जाते तेव्हा मागची विरळ होते, आणि दोन्ही लाटा कडेवरून वळून एकमेकींना पुसतात; म्हणून उघडा स्पीकर किरटा वाजतो आणि त्याला पेटी लागते.

बझरची रीत नेमकी उलटी आहे. पितळी चकतीवर चिनीमातीसारख्या पदार्थाचा पांढरट थर चिकटवलेला असतो. विद्युतदाब दिला की तो थर सूक्ष्म प्रमाणात पसरतो किंवा आकसतो, पितळ तसे करत नाही, आणि या ओढाताणीत चकती बशीसारखी वाकते. दाबामुळे स्फटिकात वीज निर्माण होते हे पिएर आणि झाक क्युरी या भावांनी 1880 मध्ये दाखवले होते. हा त्याचाच उलटा परिणाम, आणि तो पुढच्याच वर्षी सिद्ध झाला. वाकण्याचे प्रमाण इतके अल्प असते, की चकतीने आपल्या नैसर्गिक सुराचा आधार घेतला नाही तर फारसे ऐकूच येणार नाही. तो सूर बहुधा 2 ते 4 किलोहर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला दोन ते चार हजार कंपनांच्या, आसपास ठेवतात, कारण आपला कान तिथेच सर्वांत तिखट असतो. वरची भोक असलेली प्लास्टिकची डबी केवळ झाकण नसते. तिच्यातली हवा त्याच सुराला साथ देते, आणि डबी काढली की बझर केविलवाणा होतो.

काही चकत्यांना तिसरी तार असते. ती चकतीच्या कंपनाची खबर सर्किटला परत देते, त्यामुळे सर्किट आपोआप चकतीच्याच सुरावर स्थिरावते. ही युक्ती मला फार आवडते. जुना विद्युत बझर तर आणखी सरळ आहे: विद्युतचुंबक पोलादी पट्टी ओढतो, पट्टी सरकताच स्वतःचाच प्रवाह तोडते, सुटून परत येते आणि पुन्हा ओढली जाते.

शेवटी ती चकती मी एका रिकाम्या पुठ्ठ्याच्या खोक्याच्या झाकणाला चिकटवली. खर्ज अजूनही बेताचाच आहे. पण झाकणाला एक सोडून अनेक सूर असल्यामुळे निवेदकाचा आवाज आता पुष्कळसा माणसासारखा येतो.