मालवणच्या गाडीचं बिल आणि ओंटारियोचा दहा टक्क्यांचा नियम

आमच्या मालवणच्या गाडीच्या दुरुस्तीचं बिल यावेळी 43,600 रुपये आलं, गाडी टाकताना मेस्त्री बोललेला आठ-दहा हजारात होईल, आणि मला इथे कॅनडात, ओंटारियो प्रांतातल्या मिसिसागात बसून सगळ्यात जास्त लागलं ते हे की बाबांनी एक शब्द न विचारता पेन्शनच्या खात्यातून पैसे देऊन टाकले. का नाही विचारलं म्हटलं तर म्हणे, अरे इतक्या वर्षांचा आपला माणूस, त्याच्याकडे काय हिशोब मागायचा.

मेस्त्रीने फसवलं असं मला अजिबात वाटत नाही. कणकवली स्टेशनच्या वाटेवर रात्री गाडी बंद पडली तेव्हा बाईक काढून आलेला माणूस आहे तो. मी फोन लावला तर म्हणाला, "भाऊ, खालसून सगळा गंजान खाल्लला हा, लिफ्टवर घेतल्यावर समाजला." फोटो पाठवले त्याने, खरंच होतं. चाकांना खालून धरणारे दोन्ही लोअर आर्म, लिंक रॉड, मागचे ब्रेक जाम, ब्रेकचा पाईप गंजून पातळ झालेला, सायलेन्सरचा जोड, वर एसीचा कंडेन्सर गळका.

किनाऱ्यावर हे होणारच. हवेतलं मीठ पत्र्यावर बसतं आणि ओलावा धरून ठेवतं, चाकाच्या वरच्या पोकळीत तांबडी माती चिकटते ती पावसाळाभर सुकत नाही, त्यात बरेच जण गाडी धुतात ती समुद्राजवळच्या विहिरीच्या मचूळ पाण्याने, म्हणजे मीठ काढायला गेलो आणि अजून मीठ लावून आलो. शक्य असेल तर गाडी खालून गोड्या पाण्यानेच धुवून घ्या. ब्रेक ऑइलही हवेतला ओलावा शोषतं, ते दोन वर्षांनी बदलायला पाहिजे, गाडी कमी फिरली तरी.

इथे समुद्र नाही पण थंडीत रस्त्यावर बर्फ वितळवायला मीठ टाकतात, त्यामुळे गाड्या अशाच सडतात आणि लोक थंडीच्या आधी खालून तेलाचा फवारा मारून घेतात. रिपेरिंग स्वस्त आहे असंही नाही, मजुरीच तासाला शंभर डॉलरच्या वर जाते. फरक एवढाच की ओंटारियोत 2002 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात गाडी दुरुस्तीचं वेगळं प्रकरण आहे. अंदाज लेखी द्यायचा, आणि अंदाज नको असेल तर जास्तीत जास्त किती खर्च चालेल तो आकडा गिऱ्हाईकाने आधी सांगायचा. अंतिम बिल अंदाजापेक्षा दहा टक्क्यांहून वर नेता येत नाही. काढलेले जुने पार्ट परत द्यायची तयारी ठेवायची, आणि नव्या पार्टवर, मजुरीवर किमान 90 दिवस किंवा 5,000 किलोमीटरची हमी. त्यामुळे इथला मेकॅनिक काम वाढलं की मधेच परवानगीसाठी फोन करतो, आणि त्यात कुणाला अपमान वाटत नाही.

आपल्याकडे आकडा विचारला की विश्वास नाही असा अर्थ काढतात, आणि त्याचा भार पडतो तो घरी एकट्या राहणाऱ्या आईबाबांवर. मेस्त्री मला पुढे जे बोलला ते ऐकून तर मी गप्पच झालो, "माका वाटला तुम्ही थयसून पैशे देतास." म्हणजे मुलगा कॅनडात, मग चाळीस हजाराचं काय एवढं, असा त्याचा साधा समज, आणि इकडे बाबा माझ्याकडून एक रुपया घ्यायला तयार नाहीत. अशी किती घरं असतील आपल्या तालुक्यात.

त्याला मी सगळं नीट सांगितलं, तोही बोलला "तुमका इचारूक होया होता". आता ठरलंय असं की गाडी टाकताना आकडा कागदावर लिहायचा, दहा टक्क्यांच्या वर जातंय असं दिसलं की स्क्रू खोलायच्या आधी बाबांना फोन, आणि जुने पार्ट नव्याच्या खोक्यासकट डिकीत ठेवायचे. खोकं यासाठी की त्यावर एमआरपी असते, आणि 22 सप्टेंबर 2025 पासून पार्टवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आलाय, तेव्हा जुन्या भावाने लावलेलं लगेच कळतं.

दिवाळीनंतर खालून गंज रोखायचं कोटिंग मारायचंय. 4,500 होतील असं त्याने स्वतःहून बाबांना लिहून दिलंय, आणि बाबांनी त्यातही घासाघीस करून 4,200 ला आणलंय.