राइडिंग मोअर: चार्जिंग मार्गी लागलं, इग्निशन अजून हातात

बसून चालवायच्या गवतकापणी यंत्राचं, म्हणजे राइडिंग मोअरचं काम आता इथवर आलंय: बॅटरी नीट चार्ज होते, सीट स्विचची भानगड मिटली आणि इंजिन तापलेलं असताना पुन्हा सुरू व्हायला खळखळ करतं, तेवढं एक दुखणं उरलंय. मशीन सेकंडहँड आहे. एक सिलिंडर, ४२ इंची डेक (पाती झाकणारा खालचा पत्रा), पाती इंजिनाला जोडायला-सोडायला इलेक्ट्रिक क्लच. इथे अमेरिकेत, ओहायोत मे महिन्यात गवत आठवडाभरात गुडघ्याकडे निघतं, त्यामुळे ही दुरुस्ती हिवाळ्यावर ढकलण्याची सोय नव्हती.

लक्षण असं होतं. गार असताना एका सेलमध्ये (स्टार्टरच्या एका झटक्यात) इंजिन चालू. अर्धं आवार कापून होईपर्यंत सगळं ठीक. मग पाती मंदावायची, क्लच सुटायचा, आणि थोड्या वेळाने इंजिन आचके देत बंद. ओळखीच्या दोघांनी लगेच सांगितलं, ‘कॉइल गेली, तापली की करंट सोडते.’ ऐकायला पटतं. पण क्लच आधी का सुटतो, याचं उत्तर त्यात नाही, आणि मला तोच धागा महत्त्वाचा वाटला.

पुण्या-साताऱ्याकडे लुना किंवा जुनी स्कूटर खोलताना ज्यांनी ‘मॅग्नेट’ बाहेर काढलंय, त्यांना हे इंजिन परकं वाटणार नाही. फ्लायव्हीलच्या बाहेरच्या कडेला एक मॅग्नेट असतो. तो इग्निशन कॉइलच्या पायांसमोरून गेला की स्पार्क पडतो, त्याला बॅटरीचा एक थेंब करंट लागत नाही. फ्लायव्हीलच्या आत मॅग्नेटांची वेगळी रिंग, तिच्या पोटात स्टेटर, म्हणजे वीज तयार करणारी न फिरणारी वेटोळी. स्टेटरचा एसी करंट रेग्युलेटर-रेक्टिफायरमध्ये (पुढे नुसता रेग्युलेटर) जातो आणि डीसी होऊन बॅटरीला मिळतो. म्हणजे चाक एक, संसार दोन. सेल अगदीच मंद फिरत असेल तर गोष्ट वेगळी, एरवी बॅटरी उतरल्याने स्पार्क जात नाही.

मग बॅटरी उतरल्यावर इंजिन बंद का पडतं? कार्ब्युरेटरच्या बाउलखाली फ्युएल सोलेनॉइड आहे, पेट्रोलची वाट उघडणारी विजेवरची झडप. किल्ली चालू केली की ‘टक्’ आवाज येतो तो त्याचा. तो बॅटरीवर चालतो. व्होल्टेज फार खाली आलं की पिन सुटते, पेट्रोल बंद. स्पार्क शाबूत, पण जाळायला काही नाही. क्लचची कॉइल साधारण ३ ओहमची, म्हणजे पाती फिरत असताना ४ अँपिअरचा खर्च चालूच. चार्जिंग नसेल तर एवढीशी यू१ (मोअरच्या छोट्या मापाची) बॅटरी कितीसा दम धरणार? आधी क्लच, मग सोलेनॉइड. क्रम जुळला.

मीटर लावला. इंजिन बंद असताना १२.५ व्होल्ट. फुल थ्रॉटलला १४ च्या आसपास हवेत, इथे १२.३, आणि आकडा डोळ्यांदेखत उतरत होता. रेग्युलेटरचा प्लग काढून स्टेटरच्या दोन वायरींमध्ये एसी मोजला. माझ्या इंजिनाला फुल थ्रॉटलवर २८ च्या वर हवेत, तेवढे सहज मिळाले. बरं वाटलं, कारण स्टेटरसाठी फ्लायव्हील उतरवावं लागतं. हिवाळ्यात उंदीर ब्लोअर हाउसिंगखाली घरटं करून तिथल्या वायरी कुरतडतात, ती भीतीही होती.

आता बहुतेक लोक रेग्युलेटर बदलतात. मला थांबावंसं वाटलं, कारण या प्रकारात रेग्युलेटरची बॉडी हेच त्याचं अर्थिंग असतं. प्लग परत जोडून इंजिन चालू केलं. मीटर डीसीवर, एक प्रोब रेग्युलेटरच्या बॉडीवर, दुसरा थेट बॅटरीच्या निगेटिव्हवर. तिथे ०.१-०.२ च्या वर काही दिसायला नको. दिसला एक व्होल्टच्याही वर. रेग्युलेटर खोलला तर खाली बोल्टच्या भोकाभोवती ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी, आणि पत्र्यावर पेंटच्या थराखाली गंजाची तांबूस चकती. बोल्ट आवळलेला होता, पण धातूला धातू कुठेच टेकत नव्हता. पॉलिश पेपरने दोन्ही बाजू चमकेपर्यंत घासल्या, दातेरी वॉशर टाकला, वरून डायइलेक्ट्रिक ग्रीसचा हात. फ्रेमवरचं बॅटरीचं अर्थिंगही तसंच साफ केलं. आता फुल थ्रॉटलला १४.२, क्लच लावल्यावर १३.८. एक नवा पैसाही न घालता.

सीटचं प्रकरण पटकन सांगतो. उतारावर किंवा खड्ड्यात इंजिन क्षणात बंद व्हायचं, आचका नाही, खोकणं नाही. बंद पडण्याची तऱ्हा नीट बघा, निदान निम्मं तिथेच होतं. आचके देत मेलं तर पेट्रोल किंवा सोलेनॉइड, दिवा मालवल्यासारखं गेलं तर किल वायर, म्हणजे इंजिन बंद करण्यासाठी कॉइलला जोडलेली वायर. ही वायर अर्थ झाली की कॉइल गप्प. सीट स्विचच्या कनेक्टरची टर्मिनलं हिरवी पडून सैल झाली होती. स्विच नवा टाकला. वायर जोडून स्विच बायपास करायचा सल्ला सर्रास दिला जातो, तो कृपा करून ऐकू नका. माणूस सीटवरून उतरला तर पाती थांबावीत म्हणून तो स्विच आहे, आणि आवारात पोरं खेळत असतात.

राहिलं गरम स्टार्टिंग. इंजिन तापलेलं असताना स्पार्क टेस्टर लावला तर ठिणगी बारीक, नारिंगी. गार झाल्यावर निळी, टणक. किल वायर कॉइलपासून सोडवून पुन्हा पाहिलं, तरी तेच. म्हणजे वायरिंग आणि किल्लीचा स्विच संशयातून सुटले. (वायर सोडवल्यावर किल्लीने इंजिन बंद होत नाही, चोक लावून किंवा पेट्रोल तोडून ते थांबवायची तयारी आधी ठेवा.) कॉइलचे पाय आणि फ्लायव्हीलवरचा गंज काढला, ०.२५ मिमीचा फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून दोघांमधला गॅप बसवला. फरक थोडा पडला, पुरेसा नाही.

तेव्हा आता संशय कॉइलवरच आहे. नवी मागवली आहे. ती बसवण्याआधी किल्लीचा स्विच मॅग्नेटो टाइपचाच आहे ना हे मीटरवर पाहणार: ‘ऑफ’ला एम टर्मिनल (किल वायर जोडतात ते) अर्थ व्हायला हवं, ‘ऑन’ला तिथे काहीच नको. मागच्या मालकाने बॅटरी-इग्निशनचा स्विच बसवला असेल तर किल वायरवर १२ व्होल्ट येतील आणि नवी कॉइल जळेल. दोन्ही स्विच बाहेरून सारखे दिसतात. व्हॉल्व्ह कव्हर उघडून व्हॉल्व्हचा क्लिअरन्सही (तिथली फट) मोजणार आहे, कारण तापल्यावर सेल जड फिरतो असं वाटतंय आणि क्लिअरन्स वाढला की कॉम्प्रेशन रिलीज, म्हणजे सुरू करताना सिलिंडरमधला दाब थोडा सोडून सेल हलका करणारी सोय, नीट चालत नाही. दोन्ही कामं एकाच दिवशी करणार नाही, नाहीतर गुण कशाने आला ते कळायचं नाही. आधी कॉइल, मग एक पूर्ण कापणी, मग व्हॉल्व्ह.