पेन ड्राइव्ह सरळ उपटला तर?

मी प्रोग्रॅमिंग करतो हे कळलं की एक प्रश्न हटकून येतो. 'पेन ड्राइव्ह काढण्याआधी ते सेफली रिमूव्ह खरंच करावं लागतं का हो? मी तर सरळ उपटतो, आजवर काही झालं नाही.' बहुतेक वेळा मी 'करत जा' म्हणून विषय मिटवतो. आज तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कॉपी १०० टक्के झाली असं स्क्रीनवर दिसतं, तेव्हा फाइल पेन ड्राइव्हवर पोचलेली असेलच असं नाही. पुष्कळदा ऑपरेटिंग सिस्टिमने (विंडोज, लिनक्स वगैरे) ती रॅममध्ये, म्हणजे संगणकाच्या तात्पुरत्या मेमरीत, ठेवून घेतलेली असते, 'सवडीने लिहीन' या बोलीवर. लिनक्सच्या मूळ सेटिंगमध्ये असा माल ३० सेकंदांच्या आसपास पडून राहू शकतो. म्हणून तर पट्टी झरझर शंभरावर जाते आणि इजेक्ट (म्हणजे तेच सेफली रिमूव्ह) म्हटलं की गाडं ढिम्म हलत नाही. विंडोज १० ने १८०९ या आवृत्तीपासून 'क्विक रिमूव्हल' हा पर्याय मूळचा केला. वेग थोडा कमी चालेल, पण लिहायचं राखून ठेवायचं नाही. तुमचं 'आजवर काही झालं नाही' ही त्याचीच कृपा असावी. अर्थात कॉपी चालू असतानाच उपटलात तर तोही वाचवणार नाही.

मुळात हे उधारीचं खातं वेगासाठी. रॅमपर्यंत जाऊन यायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात, तर फिरत्या हार्ड डिस्कचं हेड जागेवर पोचायला १० मिलिसेकंदांच्या घरात. लाखपट फरक! दर वेळी थांबायचं ठरवलं तर काम उरकणार कधी?

मी स्वतः दोन्हीकडून पोळलोय. तापमान नोंदवणारं एक यंत्र केलं होतं. दर सेकंदाला एक ओळ, मेमरी कार्डवर. अंगात नवा हुरूप, त्यामुळे प्रत्येक ओळीनंतर एफसिंक, म्हणजे 'डेटा कार्डावर पोचल्याशिवाय परत येऊ नकोस' अशी तंबी. ओळ जेमतेम ४० बाइटची. पण कार्डातल्या फ्लॅश मेमरीत ४० बाइट लिहायची सोयच नसते. लिहायचं तर काही किलोबाइटचं अख्खं पान, पुसायचं तर अशा कितीतरी पानांचा अख्खा ब्लॉक. वर फाइलची लांबी वाढली ही नोंद दर वेळी वेगळी. दिवसाला ८६,४०० वेळा हा खेळ! काही महिन्यांत कार्डाने हात टेकले. जुनं वाचता येई, नवं लिहायला साफ नकार.

मग मिनिटभराच्या ओळी साठवून एकदम लिहू लागलो. कार्ड टिकलं. पुढे एकदा वीज गेली आणि शेवटचं मिनिट गेलं. नेमकं तेच हवं होतं, कारण वीज जाण्याआधी काय घडलं हे बघायलाच ते यंत्र लावलं होतं. शेवटी तडजोड केली: तापमान हद्दीबाहेर गेलं की ताबडतोब लिही, एरवी साठव. शिवाय थोडी वीज साठवून ठेवणारा एक मोठा कपॅसिटर बसवला, वीज गेल्यावर हातातलं लिहून टाकण्यापुरता.

बरं, एफसिंकच्या शब्दावर तरी डोळे झाकून विसंबावं? २०१८ साली पोस्टग्रेस या डेटाबेसवाल्यांच्या लक्षात आलं की लिनक्सवर एफसिंक एकदा फसलं आणि पुन्हा केलं, तर दुसऱ्यांदा ते खुशाल 'झालं' म्हणू शकतं. डेटा मात्र तोवर टाकून दिलेला. इतकी वर्षं डेटाबेस 'पुन्हा करून बघू' याच समजुतीवर चालला होता. आता एफसिंक फसलं की तो स्वतःला बंद पाडतो आणि लॉगवरून, म्हणजे बदलांच्या नोंदवहीवरून, पुन्हा उभा राहतो. उपाय आडदांड आहे, मला आवडतो.

तेव्हा तुमच्या पेन ड्राइव्हचं म्हणाल, तर नुसतं काही वाचायला लावला असेल तेव्हा मीही घाईत उपटतो. त्यावर लिहिलं असेल तर इजेक्ट म्हणतो आणि मनातल्या मनात चरफडत उभा राहतो.