युकोड१५ नावाची फाइल

मामेभावाने दिलेला दहा इंची लॅपटॉप पोळ्यापासून कपाटात पडून होता. ॲटम एन२७० प्रोसेसर, १ जीबी रॅम, बॅटरी पार गेलेली. भाची यंदा पाचवीत आहे, नवोदयची परीक्षा देणार. जुने पेपर मोबाइलवर वाचून तिचे डोळे दुखतात. म्हणून सोयाबीन घरात आलं तसं मी त्यात डेबियन १२ ही विंडोजऐवजी चालणारी मोफत लिनक्स सिस्टिम टाकायला घेतलं. १३ नाही, कारण एन२७० निव्वळ ३२ बिटचा आहे आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ला ३२ बिटचा इन्स्टॉलरच नाही.

इन्स्टॉल नीट झालं, पण वायफाय दिसेना. तारेचं पोर्ट आहे, पण आमच्या घरी नेटची तार कुठून येणार? दादाच्या मोबाइलचा हॉटस्पॉट हेच आमचं नेट.

आत कोणती कार्डं आहेत ते दाखवणाऱ्या एलएसपीसीआय या आज्ञेत वायफायचं कार्ड दिसत होतं, क्रमांक १४ई४:४३१५. म्हणजे कार्ड जिवंत आहे. मग डीमेसेज, म्हणजे सिस्टिमच्या नोंदी, वाचत गेले तेव्हा कळलं, हे कार्ड चालवणाऱ्या बी४३ ड्रायव्हरला 'युकोड१५' ही फर्मवेअर फाइल सापडत नव्हती. खालीच सूचना होती की अमुक संकेतस्थळावरून ती उतरवून घ्या. नेट लागायला जी फाइल हवी, ती नेटवरच!

असं का, ते मी नीट शोधून काढलं. ड्रायव्हर कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात, असतोच. पण या कार्डाला स्वतःचा एक छोटा प्रोग्राम, म्हणजे फर्मवेअर, लागतो आणि तो कार्डात टिकत नाही, ड्रायव्हरला तो दर वेळी नव्याने भरावा लागतो. २०२२ मध्ये डेबियनच्या लोकांनी मतदान करून ठरवलं, की मुक्त नसलेलं, म्हणजे ज्याचा कोड खुला नाही असं फर्मवेअरही इन्स्टॉलरसोबत द्यायचं. जून २०२३ च्या डेबियन १२ पासून ते मिळतं. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो. ज्याच्या घरी राउटर आहे तो तार लावून मोकळा होतो, आमच्याकडे वायफाय नाही तर काहीच नाही. पण नेमक्या या चिपचं फर्मवेअर वाटायची परवानगी नाही, म्हणून ते १२ मध्येही नाही. 'फर्मवेअर-बी४३-एलपीफाय-इन्स्टॉलर' हे पॅकेज ते नेटवरून आणतं आणि एका मोठ्या फाइलीतून कापून काढतं.

मला एकच मार्ग दिसला, यूएसबी टेदरिंग, म्हणजे फोनचं नेट केबलने लॅपटॉपला देणं. केबलने जोडलेला फोन लॅपटॉपला तारेच्या नेटवर्क कार्डासारखा दिसतो, त्याला वेगळं फर्मवेअर लागत नाही. घरातल्या दोन्ही केबली नुसत्या चार्जिंगच्या निघाल्या. तिसरी दादाने आर्वीहून आणली.

आमच्या पुढच्या खोल्यांवर टिनं आहेत, त्याखाली रेंज येत नाही. मागच्या खोलीवर स्लॅब आहे. एक्स्टेन्शन बोर्ड ओढत रात्री वर गेले. पॅकेजं कुठून घ्यायची त्या सोर्सेसच्या यादीतली, इन्स्टॉलच्या पेनड्राइव्हची ओळ बंद केली, डेबियनच्या सर्व्हरची ओळ 'कॉन्ट्रिब'सह लिहिली (हे पॅकेज त्याच भागात आहे), आणि पॅकेज उतरून बसू लागलं. तेवढ्यात लाइन गेली. बॅटरी नाही, त्यामुळे लॅपटॉपही बंद.

"रातच्याला वर काय करून रायली वं?" आई खालून ओरडली.

लाइन साडेदहाला आली. 'डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' दिलं, अर्धवट राहिलेलं काम पुरं झालं. तरी वायफाय नाहीच. वायफाय चालू की बंद ते दाखवणारी आरएफकिल ही आज्ञा सांगत होती, हार्ड ब्लॉक्ड, म्हणजे बटनानेच बंद. थकून झोपले.

सकाळी भाची शेजारी येऊन बसली. लॅपटॉपच्या पुढच्या कडेवर बोट ठेवून म्हणाली, "आत्या, हे बटन कायचं व्हय?"

तेच ते. सरकवलं आणि दिवा लागला. शेजारच्यांचं वायफाय दिसलं, दादाचा हॉटस्पॉट मात्र नाही. तो ५ गिगाहर्ट्झवर होता आणि या कार्डाला फक्त २.४ कळतं. फोनमध्ये बदल केला आणि जोडलं गेलं. भाचीने तिथेच बसून चार पेपर उतरवले.

लॅपटॉप पुन्हा कधी कोरा करावा लागला तर स्लॅबवर जायला नको, म्हणून 'लिब'मधल्या 'फर्मवेअर'मधलं 'बी४३' फोल्डर मी पेनड्राइव्हवर घेतलं. पेनड्राइव्ह बाबांच्या सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवला आहे.